फलाटावरची जखम, पुलावरची जखम

दक्षिण कोलकात्यातल्या बालीगंज स्थानकाच्या फलाटावर तिकीट काढून उभ्या असलेल्या प्रवाशावर कोणी सुरा चालवला, तर त्याच्या भरपाईचा प्रश्न रेल्वे दावा न्यायाधिकरणासमोर जातो. रक्कम नियमांच्या परिशिष्टात छापलेली असते, सुनावणी होते, आणि निकाल पटला नाही तर उच्च न्यायालयात अपील करता येते. तोच माणूस स्थानकातून बाहेर पडून रुळांवरून कसब्याकडे जाणाऱ्या बिजन सेतूवर त्याच सुऱ्याने जखमी झाला, तर न्यायाधिकरणाचा संबंध संपतो. मग अर्ज जातो जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे. रक्कम राज्य सरकारच्या योजनेनुसार ठरते आणि तिच्याविरुद्धची पहिली दाद त्याच यंत्रणेच्या वरच्या पायरीवर मागावी लागते. हिंसक गुन्ह्यात सापडलेल्या माणसाला सरकारने भरपाई द्यावी हे तत्त्व भारताने मान्य केले आहे. त्या भरपाईचा निर्णय चुकला तर तो कोणी तपासायचा, याचे उत्तर मात्र गुन्हा कुठे घडला यावर अवलंबून राहते.

रेल्वेचा मार्ग तुलनेने सरळ आहे. रेल्वे अधिनियम, १९८९ मध्ये १९९४ साली ‘अनुचित घटना’ ही संकल्पना आली आणि कलम १२४-अ जोडले गेले. धावत्या गाडीतून चुकून पडणे तिच्यात येते. मुंबईच्या लोकलमुळे महाराष्ट्रातल्या वाचकाला हा भाग परिचित असतो. त्याच व्याख्येत दहशतवादी कृत्य, हिंसक हल्ला, जबरी चोरी, दरोडा, दंगल, गोळीबार आणि जाळपोळ हेही आहे. हे गाडीत, फलाटावर, प्रतीक्षालयात, तिकीटघरात किंवा स्थानकाच्या आवारात कुठेही घडले तरी रेल्वे भरपाईला बांधील असते. रेल्वेची चूक सिद्ध करावी लागत नाही. हल्लेखोर सापडला का, हेही कोणी विचारत नाही. मृत्यूची भरपाई आधी चार लाख रुपये होती. १ जानेवारी २०१७ पासून ती आठ लाख झाली. जखमांची रक्कम परिशिष्टातल्या क्रमाने ठरते.

या मार्गावरची खरी अडचण तिकिटाची. कायद्याला ‘प्रवासी’ हवा असतो आणि प्रवासी म्हणजे वैध तिकीट, पास किंवा फलाट तिकीट असलेला माणूस, नाहीतर कामावरचा रेल्वे कर्मचारी. सियालदहच्या दक्षिण शाखेवरून, कॅनिंगसारख्या गावांतून, पहाटेच्या लोकलने असंख्य बायका बालीगंज आणि आसपासच्या घरांत धुणीभांडी करायला येतात. त्यांच्यापैकी एखादीवर फलाटावर हल्ला झाला आणि झटापटीत पास हरवला, तर ती प्रवासी होती की नव्हती? बरीच वर्षे असे दावे याच मुद्द्यावर पडत राहिले. ९ मे २०१८ रोजी ‘युनियन ऑफ इंडिया विरुद्ध रीना देवी’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने वाट थोडी मोकळी केली. तिकीट सापडले नाही एवढ्यावरून दावा फेटाळता येत नाही. दावेदाराने प्रतिज्ञापत्रावर वस्तुस्थिती सांगितली की ती खोडून काढण्याची जबाबदारी रेल्वेवर येते. फलाटावर विनातिकीट बसलेला फेरीवाला मात्र या कलमाबाहेरच राहतो. त्याच्यावर त्याच जागी वार झाला तरी त्याला पुलावरच्या माणसाच्याच रांगेत उभे राहावे लागते.

दावा साधारणतः एका वर्षात दाखल करावा लागतो. उशिराला सबळ कारण असेल तर तो माफ होऊ शकतो. न्यायाधिकरणाचे एक पीठ कोलकात्यातच आहे. त्याच्या निकालावर ९० दिवसांत उच्च न्यायालयात अपील करता येते आणि तिथे पुरावा नव्याने तपासला जाऊ शकतो. पुलावरच्या माणसाला नेमकी हीच सोय नाही.

बिजन सेतूचे नाव भारताच्या गुन्हेगारी इतिहासात एका भीषण घटनेसाठी नोंदले गेले आहे. ३० एप्रिल १९८२ च्या सकाळी आनंदमार्ग पंथाचे साधू आणि साध्वी टॅक्सींतून तिलजला येथील आपल्या केंद्राकडे निघाले होते. पुलावर आणि आसपास जमावांनी त्यांना टॅक्सींतून ओढून काढले, मारहाण केली आणि जाळले. सतरा जण मेले. हे लोक मुले पळवतात अशी अफवा पसरलेली होती. घटना भरदिवसा, शेकडो लोकांदेखत घडली, तरी कोणालाही शिक्षा झाली नाही. तब्बल तीस वर्षांनी, २०१२ मध्ये, राज्य सरकारने निवृत्त न्यायमूर्ती अमिताव लाला यांचा चौकशी आयोग नेमला.

त्या दिवसाच्या बळींना आणि त्यांच्या आप्तांना भारतीय फौजदारी कायद्याने काय देऊ केले होते? फौजदारी प्रक्रिया संहिता, १९७३ मधले कलम ३५७. त्यानुसार न्यायालय दोषी ठरलेल्या आरोपीच्या दंडातून भरपाई देऊ शकत असे, आणि दंड ठोठावलेला नसेल तर आरोपीला वेगळी रक्कम भरायला सांगू शकत असे. म्हणजे भरपाई मिळण्यासाठी आरोपी सापडायला हवा, त्याच्यावर खटला चालायला हवा, तो दोषी ठरायला हवा आणि वर त्याच्याकडे पैसेही हवेत. यातले एक जरी नसले तरी हातात शून्य. बिजन सेतूच्या बाबतीत तर पहिल्याच दोन पायऱ्यांवर सगळे अडले. आरोपी दोषी ठरल्यावरसुद्धा न्यायालये हे कलम वापरायला विसरत असत. २०१३ मध्ये ‘अंकुश शिवाजी गायकवाड विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या निकालात सर्वोच्च न्यायालयाला बजावून सांगावे लागले की प्रत्येक फौजदारी खटल्यात भरपाईचा विचार करणे आणि दिली किंवा नाकारली तरी कारणे नोंदवणे हे न्यायालयाचे कर्तव्य आहे. चाळीस वर्षे कायद्यात असलेल्या तरतुदीबद्दल असे सांगावे लागणे पुरेसे बोलके आहे.

मधल्या काळात कोलकात्याहूनच दुसरी एक वाट फुटली. फेब्रुवारी १९९८ मध्ये हावडा स्थानकावर आलेल्या एका बांगलादेशी महिलेवर रेल यात्री निवासात सामूहिक बलात्कार झाला. आरोपींत रेल्वेचे कर्मचारी होते. कलकत्ता उच्च न्यायालयातल्या वकील चंद्रिमा दास यांनी रिट याचिका केली आणि न्यायालयाने रेल्वेला दहा लाख रुपये भरपाई द्यायला लावली. रेल्वे बोर्ड सर्वोच्च न्यायालयात गेले. त्याचे म्हणणे दोन भागांत होते : पीडित स्त्री परदेशी आहे, आणि कर्मचाऱ्यांनी केलेला गुन्हा हे रेल्वेचे काम नव्हे. २८ जानेवारी २००० रोजी दोन्ही मुद्दे फेटाळले गेले. अनुच्छेद २१ मधला जीविताचा हक्क भारतात असलेल्या प्रत्येक व्यक्तीला आहे आणि तो मोडला तर रिट याचिकेतही भरपाई देता येते, असे न्यायालयाने स्पष्ट केले. कोठडीतल्या मृत्यूंबाबत तीच दिशा १९९६ च्या ‘डी. के. बसू विरुद्ध पश्चिम बंगाल राज्य’ या निकालाने दाखवली होती. पण या वाटेलाही एक अट होती. गुन्ह्यात राज्याचा किंवा त्याच्या नोकरांचा हात असावा लागे. शेजाऱ्याने शेजाऱ्यावर केलेल्या हल्ल्यात ती उपयोगी नव्हती.

ही फट बुजवली कलम ३५७-अ ने. विधी आयोगाने १९९६ च्या १५४ व्या अहवालात आणि मळीमठ समितीने २००३ मध्ये तशी शिफारस केली होती. तरतूद अमलात आली ३१ डिसेंबर २००९ ला. जुनी संहिता गेल्यावर, १ जुलै २०२४ पासून, तीच व्यवस्था भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९६ मध्ये आहे. प्रत्येक राज्याने पीडितांसाठी योजना आणि निधी उभा करायचा. खटल्याच्या शेवटी आरोपीकडून मिळणारी रक्कम अपुरी वाटली तर न्यायालयाने शिफारस करायची. आरोपी निर्दोष सुटला तरी शिफारस करता येते, कारण आरोपी सुटला म्हणजे गुन्हा घडलाच नाही असे होत नाही. आणि सगळ्यांत महत्त्वाचे पोटकलम चौथे : गुन्हेगार सापडलाच नाही, खटला उभाच राहिला नाही, तरी पीडित किंवा त्याच्यावर अवलंबून असलेले थेट प्राधिकरणाकडे अर्ज करू शकतात. प्राधिकरणाने दोन महिन्यांत चौकशी पुरी करायची. तातडीचे उपचार आणि अंतरिम मदत यांसाठी ठाणेदाराचे किंवा दंडाधिकाऱ्यांचे प्रमाणपत्र पुरते.

बालीगंज पोलीस ठाण्याचे फौजदारी खटले आलिपूरच्या न्यायालयात चालतात, त्यामुळे भरपाईची शिफारसही बहुधा तिथूनच निघते. विधी सेवा प्राधिकरण ही न्यायाधीशांची संस्था आहे. जिल्ह्यात जिल्हा न्यायाधीश तिचे अध्यक्ष असतात आणि सचिव न्यायिक अधिकारी. राज्य पातळीवर कार्यकारी अध्यक्षपदी उच्च न्यायालयाचे विद्यमान किंवा निवृत्त न्यायमूर्ती असतात. गरिबांना फुकट वकील देण्यासाठी १९८७ च्या कायद्याने उभी राहिलेली ही यंत्रणा. तिच्यावर भरपाई ठरवण्याचे काम नंतर येऊन पडले. त्यामुळे तिचे रूप धड न्यायालयाचे नाही आणि धड सरकारी खात्याचेही नाही. अर्जासोबत प्रथम खबर, वैद्यकीय कागद, खर्चाच्या पावत्या आणि उत्पन्नाचा दाखला जोडायचा. गुन्ह्याची तीव्रता, अपंगत्व, बुडालेला रोजगार, पीडिताचे वय, घरात अवलंबून असलेली माणसे या गोष्टी पाहून योजनेतल्या किमान आणि कमाल आकड्यांमधली रक्कम ठरते. साक्षीपुरावे आणि उलटतपासणी क्वचितच होते. त्यामुळे निर्णय लवकर होण्याची शक्यता असते. पण नंतर तो तपासायचा झाला, तर तपासणाऱ्याच्या हाती कागदही तेवढेच येतात.

नकार कुठे मिळतो? तक्रार उशिरा दिली, पोलिसांना सहकार्य केले नाही, मुदत उलटल्यावर अर्ज केला, ही नेहमीची कारणे. याखेरीज एक कारण कायद्याच्या शब्दांतूनच निघते. चौथे पोटकलम ‘गुन्हेगार सापडला नाही’ अशा प्रसंगासाठी लिहिलेले आहे. मग गुन्हेगार सापडला आहे, खटला चालू आहे आणि निकालाला दहा वर्षे लागणार आहेत, अशा पीडिताने काय करायचे? शब्दाला चिकटणारा अधिकारी त्याला खटला संपेपर्यंत थांबायला सांगतो. २०१४ च्या ‘सुरेश विरुद्ध हरियाणा राज्य’ या निकालात सर्वोच्च न्यायालयाने या वृत्तीला उत्तर दिले. गुन्ह्याची दखल घेतल्यापासूनच प्रत्येक टप्प्यावर अंतरिम भरपाईची गरज आहे का, हे न्यायालयांनी स्वतःहून पाहिले पाहिजे.

रकमेचा वाद आणखी मोठा, कारण सुरुवातीच्या योजनांत राज्याराज्यांचे आकडे एकमेकांपासून फार दूर होते. गोव्याच्या योजनेत बलात्काराच्या गुन्ह्यासाठी दहा लाखांपर्यंत तरतूद होती आणि इतर कित्येक राज्ये तिच्या एका अंशावर थांबली होती. पश्चिम बंगालने आपली योजना २०१२ मध्ये केली. जानेवारी २०१४ मध्ये बीरभूम जिल्ह्यात, गावातल्या सालिशी सभेच्या हुकमावरून एका आदिवासी तरुणीवर सामूहिक बलात्कार झाल्याची बातमी आली. सर्वोच्च न्यायालयाने ती स्वतःहून हाती घेतली. राज्याने मंजूर केलेली रक्कम होती ५० हजार रुपये. २८ मार्च २०१४ च्या निकालाने त्यात आणखी पाच लाखांची भर घातली. सरकारी भरपाईचे पुनर्विलोकन झाले, पण ते देशाच्या सर्वोच्च न्यायालयाकडून आणि वर्तमानपत्रातल्या बातमीच्या जोरावर. बातमी न झालेल्या पीडितांना हा मार्ग उपलब्ध नसतो.

ॲसिड हल्ल्यांनी पुढचा बदल घडवला. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या तक्त्यांत या गुन्ह्यात पश्चिम बंगाल अनेक वर्षे वरच्या क्रमांकांवर राहिला आहे. ‘लक्ष्मी विरुद्ध युनियन ऑफ इंडिया’ या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये किमान तीन लाख रुपये ठरवले आणि त्यातले एक लाख पंधरा दिवसांत द्यायला सांगितले. १० एप्रिल २०१५ च्या आदेशाने अशा अर्जांसाठी जिल्हा प्राधिकरणालाच गुन्हेगारी इजा भरपाई मंडळाचे काम दिले. जिल्हा न्यायाधीश अध्यक्ष; सोबत जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक आणि जिल्हा शल्यचिकित्सक. भारतात हिंसक गुन्ह्यांच्या भरपाईसाठी न्यायाधिकरणाच्या सर्वांत जवळ जाणारी रचना हीच. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये, बिहारमधल्या दोन बहिणींच्या प्रकरणात, न्यायालयाने तीन लाख ही तळरेषा आहे, छत नव्हे, असे सांगत एकूण तेरा लाख देवविले. किमान आकड्यालाच कमाल मानण्याची सरकारी सवय तोवर चांगलीच रुजली होती.

महिलांपुरती एकसारखी चौकट आली ती राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या २०१८ च्या योजनेने. ‘निपुण सक्सेना’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ती मान्य केली आणि २ ऑक्टोबर २०१८ पासून लागू झाली. बलात्कारासाठी चार ते सात लाख, सामूहिक बलात्कारासाठी पाच ते दहा लाख, चेहरा विद्रूप करणाऱ्या ॲसिड हल्ल्यासाठी सात ते आठ लाख, मृत्यूसाठी पाच ते दहा लाख. रक्कम पटली नाही तर आदेश मिळाल्यापासून ३० दिवसांत राज्य प्राधिकरणाच्या अध्यक्षांकडे अपील करता येते. झालेला उशीर माफ होऊ शकतो. पुरुष पीडितांना राज्यांच्या आपापल्या योजना लागू होतात. त्यांपैकी अनेकींत अपिलाची मुदत ९० दिवसांची आहे. म्हणजे बिजन सेतूवर एकाच टोळीने नवरा-बायकोला भोसकले, तर दोघांचे तक्ते वेगळे निघू शकतात, हे योजना करणाऱ्यांच्या लक्षात आले नसावे.

जिल्ह्याच्या निर्णयावर राज्य प्राधिकरण बसते, तेव्हा एकाच संस्थेची वरची पायरी खालच्या पायरीकडे पाहत असते. दोन्हीकडे न्यायाधीशच असल्याने सचोटीवर संशय घेण्याचे कारण नाही. पण मोटार अपघाताशी तुलना केली की उणीव दिसते. गडियाहाटच्या चौकात बसखाली सापडलेल्याला मोटार अपघात दावा न्यायाधिकरण आहे, वयानुसार गुणक आहे, उत्पन्नाचे गणित आहे आणि उच्च न्यायालयात अपील आहे. त्याच चौकात भोसकल्या गेलेल्याला यांतले काहीच नाही. प्राधिकरणाने कारणे न लिहिता नाकारले किंवा दोन ओळींत किमान रक्कम देऊन टाकली, तर उरतो तो अनुच्छेद २२६ खालचा रिट अर्ज. त्यात उच्च न्यायालय सहसा पुरावा नव्याने तोलत नाही. अधिकार, कारणे आणि पद्धत एवढेच बघते.

रिटची ही वाट मुळात कशी उघडली, हे इंग्लंडच्या इतिहासात दिसते. न्यूझीलंडने १९६३ मध्ये गुन्हेगारी इजांच्या सरकारी भरपाईचा जगातला पहिला कायदा केला. ब्रिटनने १ ऑगस्ट १९६४ पासून योजना सुरू केली. सुधारक मार्जरी फ्राय यांनी त्यासाठी आधीची काही वर्षे लेखणी झिजवली होती. ब्रिटनची योजना कायद्याने झालेली नव्हती, सरकारने कृपा म्हणून दिलेले ते पैसे होते. मग कृपेविरुद्ध न्यायालयात जाता येते का? १९६७ मध्ये एका पोलिसाच्या विधवेने तसा प्रयत्न केला. ती हरली, पण निकालात एक गोष्ट कायमची ठरली : सार्वजनिक पैसा वाटणारे मंडळ कायद्याने जन्मलेले नसले तरी त्याचे निर्णय न्यायालय तपासू शकते. पुढे १९९५ च्या कायद्याने योजनेला पक्का पाया दिला. आता तिथे अर्जदार आधी त्याच संस्थेकडे ५६ दिवसांत फेरविचार मागतो आणि तरीही समाधान झाले नाही तर ९० दिवसांत स्वतंत्र न्यायाधिकरणाकडे जातो. कमाल रक्कम पाच लाख पौंड. ती उदार वाटली, तरी जुन्या शिक्षा नावावर असलेल्या अर्जदारांना तिथे कठोरपणे बाहेर ठेवले जाते.

महाराष्ट्राने निर्णय कोणी घ्यायचा याची दोन उत्तरे देऊन पाहिली. २ ऑक्टोबर २०१३ पासून सुरू झालेल्या मनोधैर्य योजनेत रक्कम ठरवायचे जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालचे जिल्हा क्षतिसहाय्य व पुनर्वसन मंडळ. २०१७ च्या अखेरीस योजना बदलली, कमाल मदत दहा लाखांवर गेली आणि निर्णय विधी सेवा प्राधिकरणांकडे आला. महसुली अधिकाऱ्याकडून न्यायिक अधिकाऱ्याकडे झालेले हे हस्तांतर योग्य दिशेचे आहे. ज्या सरकारच्या तिजोरीतून पैसे जायचे, त्याच सरकारच्या अधिकाऱ्याने ते किती हे ठरवू नये, एवढे तरी त्यातून साधले.

३१ डिसेंबर २००९ पूर्वी घडलेल्या गुन्ह्यांचा प्रश्नही न्यायालयांपुढे आला. डिसेंबर २०२० मध्ये केरळ उच्च न्यायालयाने, २००८ च्या एका खुनाच्या प्रकरणात, चौथ्या पोटकलमाचा लाभ त्या तारखेआधीच्या पीडितांनाही मिळू शकतो असा निर्णय दिला. एका उच्च न्यायालयाचा निकाल दुसऱ्यावर बंधनकारक नसतो, त्याचे वजन पटवण्यापुरते असते. कोलकात्यातल्या जुन्या प्रकरणांसाठी तो आपोआप लागू होत नाही, आणि मुदतीची अट ओलांडायची ती वेगळीच.

मंजुरी मिळाल्यावरही सगळी रक्कम लगेच हातात येत नाही. २०१८ च्या योजनेत २५ टक्के रक्कम खर्चासाठी मिळते आणि ७५ टक्के किमान तीन वर्षांच्या मुदत ठेवीत जाते. अल्पवयीन पीडितांच्या बाबतीत ठेवीचा वाटा ८० टक्के असतो आणि ती सज्ञान होईपर्यंत राहते. उपचार किंवा शिक्षण यांसाठी ती आधी मोडायची तर पुन्हा प्राधिकरणाचीच परवानगी लागते. निधीसाठी केंद्राने २०१५ मध्ये निर्भया निधीतून २०० कोटी रुपयांचा केंद्रीय पीडित भरपाई निधी उभारला. राज्याचा हिस्सा अर्थसंकल्पातून येतो आणि तो उशिरा आला की मंजूर आदेश फाइलीत पडून राहतात. आरोपी पुढे दोषी ठरला आणि त्याच्याकडे मालमत्ता असली, तर दिलेली रक्कम त्याच्याकडून वसूल करण्याचा अधिकार योजना प्राधिकरणाला देतात. रेल्वेच्या बाबतीत कलम १२८ ची आणखी एक मर्यादा आहे : दुसऱ्या कायद्याखाली दाद मागण्याचा हक्क अबाधित राहतो, पण एकाच घटनेसाठी दोनदा भरपाई घेता येत नाही.